‘इत्यादी’मध्ये बसवलेल्या माणसाविषयी

कन्हेरी,
ता. बारामती, जि. पुणे

मराठी गाण्यांचा इतिहास लिहिणारे लेखक, समीक्षक आणि दरवर्षी दिवाळी अंकात गाण्यांवर विशेष विभाग काढणारे संपादक यांस,



यंदाच्या दिवाळीत भाचीनं पुण्याहून येताना माझ्यासाठी एक जाडजूड अंक आणला. म्हणाली, “मामा, यात गाण्यांवर पुष्कळ आहे.” खरोखरच पुष्कळ होतं. गजानन वाटव्यांनी भावगीत घरोघरी कसं नेलं, बाबूजींच्या गळ्यात शब्द कसा उजळायचा, अरुण दातेंचा शुक्रतारा, हृदयनाथांच्या चाली, सगळं होतं. मी मन लावून वाचलं आणि वाचता वाचता एक नाव शोधत राहिलो. ते शेवटच्या लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात मिळालं. लोकगीतं आणि भक्तिगीतं गाऊन ‘बहुजनांत लोकप्रिय’ झालेल्या चार-पाच जणांच्या रांगेत प्रल्हाद शिंदे उभे होते आणि त्यांच्या पाठीला चिकटून ‘इत्यादी’.

त्या अंकाचं नाव मी घेत नाही. तीस वर्षं मी असे विभाग वाचतोय आणि हा माणूस मला दरवेळी ‘इत्यादी’च्या उंबऱ्यावरच भेटतो. तेव्हा एकट्यादुकट्याला कशाला बोल लावू? तुम्हा सगळ्यांनाच लिहितो.

मी शेतकरी आहे, गाण्याचं शास्त्र शिकलेलो नाही. आमचं गाव तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. निवडणूक लागली की पवारांच्या प्रचाराचा नारळ आमच्या मारुतीपुढं फुटतो. त्या दिवशी कॅमेरे येतात आणि धुरळा खाली बसायच्या आत जातात. बाकीची पाच वर्षं इथं ऊस असतो.

माझं चौदा-पंधराचं वय १९८६-८७ सालातलं. लहानपणी शाळेत प्रार्थना सांगायला मला पुढं उभं करायचे. मग एका पावसाळ्यात आवाज फुटला. सकाळी एक, दुपारी दुसरा. वर चढवायला जावं तर मधेच चिरकायचा. घरात सगळ्यांना मजा वाटायची, मला मात्र कुणी जवळची वस्तू न विचारता नेल्यासारखं झालं होतं. त्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या गायन स्पर्धेत मी प्रल्हाद शिंदे यांचं विठ्ठलाचं गाणं म्हणायला घेतलं. तेवढं एकच गाणं फाटक्या आवाजात म्हणता येईल असा माझा हिशेब होता. पहिलं कडवं संपायच्या आत परीक्षकांनी हात वर केला. “बाळ, हे कर्ण्यावरचं गाणं आहे. इथं भावगीत म्हणायचं असतं.” पोरं हसली. शाळा कुठली, परीक्षक कोण, ते जाऊ द्या. ते मनानं वाईट नव्हते. त्यांनी तुमच्यासारख्यांचंच लिहिलेलं वाचलं होतं, एवढंच.

‘कर्ण्यावरचं गाणं’ हे शब्द मात्र डोक्यात राहिले. राग गेल्यावर कळलं की सर बोलले ते खरंच होतं. ते त्याला कमीपणा समजत होते, तेवढी गडबड होती.

पत्र्याचा कर्णा तुमच्यापैकी किती जणांनी लांबून ऐकलाय कोण जाणे. लिंबाला बांधलेला, देवळाच्या शिखराजवळ टांगलेला, खाली अहुजाचा अँप्लिफायर आणि त्याला जोडलेली ट्रकची बॅटरी. या कर्ण्यातून खर्जातलं काही बाहेर येत नाही. डग्ग्याचा घुमार, हलकं गुणगुणणं, दोन शब्दांमधला उसासा, सगळं तो गिळतो. मधला आणि वरचा आवाज तेवढा पुढं फेकतो आणि तोही वाऱ्याच्या मर्जीवर. माइकजवळ ओठ नेऊन कानात सांगितल्यासारखं म्हटलेलं गाणं बंद खोलीत रेडिओवर लागलं तर जीव ओवाळून टाकावा. तेच दोन शेतं ओलांडून आलं की नुसती घूं घूं उरते.

प्रल्हाद शिंदे वरच्या पट्टीत, मोकळ्या गळ्यानं, अक्षर न अक्षर सुटं करून गायचे. त्यांच्या तोंडचा ‘विठ्ठला’तला ‘ठ’ एकदा नीट ऐका. विहिरीत दगड टाकल्यासारखा पडतो. सुरुवातीला लांब हाक, म्हणजे कामात वाकलेला माणूस मान वर करतो. मग ओळ. मग तीच ओळ मागचा कोरस उचलून धरतो, म्हणजे पहिल्यांदा वाऱ्यानं नेलेला शब्द दुसऱ्यांदा पदरात पडतो. ही रीत कव्वालीची. ते कव्वालीही गायचे, तेव्हा हजारांच्या जमावात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द कसा पोचवायचा हे त्यांना पक्कं ठाऊक असणार. ऐकणारा कुठं बसलाय हे ओळखून गाणं याला तुमच्याकडं कला म्हणतात ना? दिवाणखान्यात बसलेल्या श्रोत्यासाठी गाणारा कलावंत, आणि उसात उभ्या असलेल्यासाठी गाणारा नुसता ‘लोकप्रिय’, हे गणित मला अजून सुटलेलं नाही. ‘नैसर्गिक गळा’, ‘रांगडा आवाज’, ‘मातीतला गायक’ असे शब्द तुम्ही कौतुकानं वापरता. पण मातीत उसाचं बेणंसुद्धा आपोआप उगवत नाही हो. त्याला डोळा बघून तोडावं लागतं.

सरांनी बसवल्यानंतर मी माणसांसमोर गायचं सोडलं. गाणं सुरू राहिलं ते रात्री. आमच्या भागाला नीरा डाव्या कालव्याचं पाणी. पाळी रात्रीची आली की वडील मला दारं धरायला, म्हणजे सरीसरीत पाणी फिरवायला, पाठवायचे. एका हातात बॅटरी, खांद्यावर खोरं, दोन्हीकडं डोक्याच्या वर गेलेला ऊस. दिवसा ओळखीचं वाटणारं रान रात्री परकं होतं. पाचटात काही सळसळलं की ते उंदीर असतं हे डोक्याला माहीत असतं, पायांना नसतं. मग मी गायचो. भीतीनं गाणाऱ्याचा आवाज आपोआप मोठा लागतो, आणि उसात हळू गाऊन चालतच नाही, पाला आवाज पिऊन टाकतो. छातीतून, तोंड उघडून, जमेल तेवढं वर. फाटला तर फाटला. ऐकणारं कोण होतं? असा वर्षभर ओरडत गेलो आणि एका रात्री ध्यानात आलं की आवाज बसलाय. पूर्वीचा नाही, दुसराच, जरा खरबरीत, पण माझा. मला गाणं शिकवायला गुरुजी मिळाले नाहीत. सोळाव्या वर्षी मी एवढं शिकलो की आपला आवाज चिरका असला तरी तो आपण मोठ्यानं लावू शकतो. पुढं ग्रामसभेत उठून बोलताना, कारखान्याच्या वार्षिक सभेत उसाच्या दरावर चार प्रश्न विचारताना पाय कापले, आवाज कापला नाही. ते त्या उसातलं देणं.

थंडीत, गाळप सुरू असताना, पहाटे तीनच्या सुमाराला ऊसतोड टोळ्यांच्या बैलगाड्या भवानीनगरच्या कारखान्याकडं निघायच्या. बैलांच्या घुंगरांत कुणीतरी माझंच गाणं म्हणत असायचं. बीडकडचा, नगरकडचा कुणीतरी; अंधारात तोंड दिसायचं नाही. एकदा मी बांधावरून पुढची ओळ म्हटली. गाडी न थांबवता त्यानं तिच्यापुढची म्हटली. अशी आमची मैफल. तुमच्या कुठल्याच सूचीत ती यायची नाही, आणि यावी असा हट्टही नाही.

आता मुख्य गाऱ्हाण्याकडं येतो. तुम्ही या माणसाचे दोन तुकडे केलेत.

१९८७ साली चैत्री पौर्णिमा आणि १४ एप्रिल एकाच दिवशी आले. म्हणजे हनुमान जयंती आणि भीमजयंती एकत्र. मंडपवाला एकच, त्याची नुसती तारांबळ. त्यानं एक कर्णा देवळावर चढवला आणि दुसरा बौद्धवस्तीतल्या निशाणाच्या खांबाला बांधला. मी आणि माझा वर्गमित्र दोन्हींच्या मधल्या बांधावर बसलो होतो. तो वस्तीतला, मी गावातला. वारा देवळाकडून आला की मारुतीपुढची कॅसेट ऐकू यायची, फिरला की तिकडची. इकडं विठ्ठल, तिकडं भीमराव. आणि अचानक माझ्या कानांनी मला सांगितलं की दोन्हीकडं गळा एकच आहे. तीच हाक, तसाच पडणारा ‘ठ’. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. मित्राला विचारलं. तो हसला, म्हणाला, “आरं, तुला आत्ता कळलं व्हय? तुमच्या इठ्ठलाला रोज पहाटं आमचाच गडी हाळी घालतोय की.”

मी गप्प बसलो. घरी गेल्यावर आजोबांना सांगितलं. ते वारकरी, चाळीस वर्षं तुकोबांच्या पालखीबरोबर गेलेले. ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले आणि मग विचारलं, “मंगळवेढ्याचं का ते घर?” मला कुठं ठाऊक होतं! पुढं कळलं की शिंदे कुटुंब मूळ मंगळवेढ्याचंच. चोखोबांचं मंगळवेढं. देवळाच्या आत घेतलं नाही म्हणून पायरीशी समाधी मिळालेल्या चोखोबांचं. आजोबांनी त्या दिवशी पुढं काही म्हटलं नाही. दुसऱ्या पहाटे रेडिओवर तो आवाज लागला तेव्हा मात्र त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवून ते गाणं पूर्ण ऐकलं. मी त्यांना एरवी गाण्यासाठी काम थांबवताना पाहिलेलं नाही.

पंधरा वर्षांच्या पोराचं यानं काय होतं, ते शब्दांत नीट मांडता येत नाही. गावात कुणी कुठं बसायचं, कुणाच्या घरी पाणी प्यायचं, कुणी पंगतीत कधी जेवायचं, हे तोवर मी आभाळासारखं कायमचं धरून चाललो होतो. त्या दिवसानंतर विचारायला लागलो. फार काही पराक्रम केला नाही. मित्राच्या घरी जेवायला बसलो आणि आईनं दोन दिवस अबोला धरला, इतकंच. पण त्या प्रश्नांची सुरुवात भाषणानं किंवा पुस्तकानं झाली नाही, कानानं झाली.

आता तुमची कपाटं बघा. भक्तिसंगीतावर लिहिणारे प्रल्हाद शिंदे यांच्या विठ्ठल-गणपतीच्या गाण्यांचा उल्लेख करतात आणि भीमगीतं विसरतात. आंबेडकरी जलसा, वामनदादा कर्डक, भीमगीतांची परंपरा यांवर अभ्यासानं लिहिणारे अलीकडं बरेच झालेत, त्यांचं ऋण आहे. पण त्यांच्या लिखाणात ही विठ्ठलाची गाणी बाजारासाठी केलेली तडजोड असल्यासारखी बाजूला पडतात. एका गळ्यात दोन्ही कसं मावत होतं, गाताना त्या माणसाला काय वाटत असेल, हा प्रश्न कुणीच विचारत नाही. मला तोच सगळ्यात मोठा वाटतो. बौद्ध घरातला माणूस पांडुरंगाला असा आळवतो की वारकरी म्हाताऱ्याच्या हातातला तांब्या खाली ठेवला जातो, यावर एखादा लेख सोडा, आख्खं पुस्तक व्हायला हवं होतं.

दुसरं गाऱ्हाणं नावांचं. यात मी स्वतःही गुन्हेगार आहे, ते आधी कबूल करतो. आम्ही कंपनीच्या छापील कॅसेट क्वचितच घ्यायचो, परवडत नसत. बारामतीत दुकानात कोरी कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी द्यायची, चार दिवसांनी भरून मिळायची. चिठ्ठीवर गाण्याचे पहिले दोन शब्द आणि ‘प्र. शिंदे’. गीतकार कोण, चाल कुणाची, पेटीवर कोण, ढोलकीवर कोण, यातलं काही त्या कॅसेटवर नसायचं आणि आम्हीही कधी विचारलं नाही. ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ दत्ता पाटलांनी लिहिलं, ‘तूच सुखकर्ता तूच दुःखहर्ता’ हरेंद्र जाधवांनी लिहिलं, हे मला चाळिशी उलटल्यावर समजलं. हरेंद्र जाधव शाळामास्तर होते. पहिल्या गाण्याला चाल देणारे मधुकर पाठक यांचं नाव तर महाराष्ट्रात किती जणांना सांगता येईल? गणपती बसला की दहा दिवस गल्लोगल्ली वाजणारी ओळ लिहिणारा माणूस २०२२ साली गेला आणि आमच्या मंडळाच्या पोरांना त्याचा पत्ताही नव्हता.

आम्ही अडाणी होतो, पैसे नव्हते, म्हणून नावं हरवली. तुमची अडचण कोणती होती? ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ रोजी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सुरू झालं, त्यात छप्पन्न गीतं, कोणतं कुणी गायलं, चाल कोणत्या रागावर, हे तुम्ही झोपेत सांगाल. सांगावंच, माझ्या आईचा तो देव्हारा होता. एकादशीला ती ते लावून बसायची. पण तेवढ्याच मायेनं प्रल्हाद शिंदे यांच्या ध्वनिमुद्रणांची एक यादी करायला कुणाचे हात धरले होते? कोणतं गाणं कोणत्या साली, कोणत्या तबकडीवर, साथीला कोण. त्या साथीदारांतले काही जण कदाचित अजून असतील. आणखी दहा वर्षांनी विचारायला जाल तेव्हा त्यांच्या घरी फोटोला हार असेल.

घराण्याचंही बोलून टाकतो. प्रल्हाद शिंदे, मुलगे आनंद आणि मिलिंद, नातू आदर्श. तीन पिढ्या एकाच घरात गळा चालत आला. शास्त्रीय संगीतात एवढ्या भांडवलावर तुम्ही घराणं मानता, त्याचा लगाव कसा, दमसास कसा, आजोबांची कुठली जागा नातवानं घेतली आणि कुठली सोडली, यावर परिसंवाद घेता. इथं ‘शिंदेशाही’ म्हटलं की विषय संपतो. आनंद शिंदे यांच्या पोपटाच्या गाण्यावर नाकं मुरडून झाली, पण त्या गळ्यात वडिलांची हाक किती उतरली हे कुणी सांगितलं नाही. मला ऐकू येतं, सांगता येत नाही. सांगणं तुमचं काम.

२००४ साल आठवतं. १५ मे रोजी वामनदादा गेले. त्यानंतर सहा आठवडे पुरे व्हायच्या आत, २३ जूनला, प्रल्हाद शिंदे. त्या वर्षी आषाढी जूनच्या अखेरीस होती, म्हणजे ते गेले तेव्हा पालख्या पंढरीच्या वाटेवर होत्या. आजोबा तोवर नव्हते. तुकोबांची पालखी आमच्या शेजारून, काटेवाडीवरून नुकतीच पुढं गेली होती. रस्त्याच्या कडेला चहाच्या टपऱ्यांवर त्यांचाच आवाज चालू होता. कुणी मुद्दाम लावला नव्हता, दरवर्षी असतोच. मी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र पुढून मागं आणि मागून पुढं चाळलं. जेवढी जागा मिळाली होती तेवढ्यात आमच्या कारखान्याच्या निविदेची जाहिरातही मावली नसती.

माझं मागणं फार नाही. गाण्यांवरचा पुढचा विभाग काढाल तेव्हा या आवाजावर आवाज म्हणून लिहा, समाजशास्त्राचा नमुना म्हणून नको. गाणाऱ्याचे दोन तुकडे करू नका. भीमगीतं आणि भक्तिगीतं एकाच लेखात, एकाच माणसानं लिहिलेली मला वाचायची आहेत. साथीदारांकडं जा. आणि ‘बहुजनांत लोकप्रिय’ हे शब्द कृपा करून काही वर्षं तरी बाजूला ठेवा. बहुजन सोडून इथं दुसरं आहे तरी कोण, हा प्रश्न मला ते वाचताना दरवेळी पडतो.

एकदा इकडंही या. पालखी बारामतीत मुक्काम करून निघाली की काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचं रिंगण होतं. ते बघायला येणारे पुष्कळ. तुम्ही जरा मागं थांबा, शेवटची दिंडी पुढं गेल्यावर रस्त्यावर नुसती चिपाडं, केळीच्या साली आणि चिखल उरतो, तेव्हा. टपऱ्या अजून आवरलेल्या नसतात. बारामती-इंदापूर एसटी काटेवाडीला थांबते. तिथून आमच्याकडं यायला कुणाचीही गाडी मिळेल. नाहीतर मी येईन न्यायला. आमच्या मंडपवाल्याचा मुलगा आता डीजे चालवतो, पण बापाचा कर्णा त्यानं माळ्यावर जपून ठेवलाय. सांगितलं तर खाली काढेल. देवळाजवळ बांधू आणि मी तुम्हाला दोन शेतं पलीकडं, उसाच्या कडेला, घेऊन जाईन. भावगीताची कॅसेट तुम्ही आणा, दुसरी माझ्याकडं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
दारं धरणारा एक श्रोता

ता. क. : पत्र छापायचं ठरवलंत आणि जागा कमी पडली, तर माझी शाळा, माझा ऊस, जे काढायचं ते काढा. दत्ता पाटील, हरेंद्र जाधव आणि मधुकर पाठक ही तीन नावं तेवढी राहू द्या. त्यांच्यापुढं ‘इत्यादी’ लावू नका.